थंड पाण्याची परीक्षा : सोलापूरच्या उन्हातून नॉर्वेच्या खाडीत

नॉर्वे देशात हार्डांगर नावाची एक लांबच लांब खाडी आहे. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, डोंगरावर बर्फ, आणि त्या बर्फाचे वितळलेले पाणी थेट खाडीत. खाडीच्या टोकाशी आइडफ्योर्ड हे छोटेसे गाव. दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला, भल्या पहाटे, मोटारगाड्या वाहून नेणारी एक मोठी बोट सुमारे अडीचशे स्त्री-पुरुषांना घेऊन या गावातून खाडीत आत जाते. पाचच्या सुमारास बोटीचे दार उघडते आणि ही माणसे एकामागून एक खालच्या काळ्या पाण्यात उड्या टाकतात. पाण्याचे तापमान असते साधारण १३ ते १५ अंश. सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या झळा सोसणाऱ्या आपल्या वाचकांना त्याची कल्पना यावी म्हणून सांगायचे, तर फ्रिजमधल्या बाटलीचे पाणी बाहेर काढून थोडा वेळ ठेवावे आणि त्यात गळ्यापर्यंत तासाहून अधिक काळ राहावे, तसा हा प्रकार.

या शर्यतीचे नाव नॉर्समन. २००३ साली ती सुरू झाली. जगातल्या सर्वांत कठीण ट्रायथलॉनमध्ये तिची गणना होते.

ट्रायथलॉन म्हणजे तीन खेळांची एकच शर्यत. आधी पोहणे, मग सायकल, शेवटी धावणे. आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. ओले कपडे बदलायला लागणारा वेळसुद्धा हिशेबात धरतात. १९७८ साली अमेरिकेच्या हवाई बेटावर पहिली ‘आयर्नमॅन’ शर्यत झाली, तेव्हा अवघे १५ जण उतरले होते आणि त्यांतले १२ जण शेवटपर्यंत गेले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला, अर्थात बऱ्याच कमी अंतराने, जागा मिळाली.

नॉर्समनची अंतरे आपल्या भाषेत मांडू. पोहायचे ३.८ किलोमीटर, म्हणजे २५ मीटरच्या तलावाच्या दीडशेहून अधिक फेऱ्या. सायकल १८० किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून तुळजापूरला जाऊन परत यायचे आणि तसेच पुन्हा एकदा जाऊन यायचे. पण तुळजापूरचा घाट एकच, तिथे डोंगरामागून डोंगर. त्यानंतर ४२ किलोमीटर धावायचे, तेही सपाटीवर नव्हे. शेवट होतो गाउस्टाटोप्पेन या डोंगरावर, १८५० मीटर उंचीवर. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे. म्हणजे समुद्रसपाटीला पाण्यात उडी मारायची आणि त्याच दिवशी कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर पायी पोचायचे! पहिल्या १६० जणांनाच शिखराकडे सोडतात, त्यांना काळा टी-शर्ट मिळतो. बाकीच्यांची शर्यत खालच्या बाजूला संपते, त्यांना पांढरा. बक्षीस म्हणावे तर एवढेच. या टी-शर्टासाठी जगभरातून माणसे पदरमोड करून जातात.

धावण्याचा रस्ता ज्या ऱ्युकान गावातून जातो, ते गाव आपल्या गिरणगावासारखेच कारखान्याने वसवलेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या धबधब्यावर वीज तयार करून खताचा कारखाना काढला गेला आणि कामगारांसाठी गाव उभे राहिले. गाव इतके खोल दरीत आहे की वर्षातले जवळजवळ सहा महिने तिथे ऊनच पोचत नाही. २०१३ साली डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडण्याची सोय केली. सोलापूरकराला हसू येईल. आपल्याकडे सावलीसाठी धडपड, तिथे उन्हासाठी.

आपल्या मुलखातून कोण गेले?

नॉर्समन हे एक नाव झाले. अशा कठीण शर्यती आणि थंड पाण्यातली लांब पोहणी यांत आपल्या महाराष्ट्राची आणि देशाची माणसे गेलेली आहेत. अभिनेते आणि मॉडेल म्हणून ठाऊक असलेले मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वित्झर्लंडमधील झ्युरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. महाराष्ट्र पोलीस दलातील अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ साली फ्रान्समधील विशी येथील आयर्नमॅन पूर्ण केली. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी तर अशा वीसहून अधिक शर्यती केल्या आहेत आणि ते इतरांनाही शिकवतात.

नुसत्या पोहण्यात पुण्याचा रोहन मोरे याचे नाव फार मोठे. जगातील सात अवघड सामुद्रधुनी पोहून जाण्याचे काम त्याने फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीत पुरे केले. हा मान मिळवणारा तो पहिला आशियाई. या सातांत आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनल ही थंडीसाठी आणि अंगाला चटके देणाऱ्या जेलीफिशसाठी कुप्रसिद्ध आहे. मुंबईच्या प्रभात कोळीने २०२३ साली हेच सातही टप्पे पुरे केले. जुन्या वाचकांना रूपाली रेपाळे आठवत असेल. १९९४ साली ही मुंबईची मुलगी बाराव्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून गेली, तेव्हा सर्व वर्तमानपत्रांत तिचा फोटो होता. खाडी पोहणाऱ्यांच्या नियमात रबरी पोशाख चालत नाही. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा, एवढेच. बोटीला हात लावला की सगळे बाद.

पोहणे आणि ट्रायथलॉन या दोन्हींचा कडेलोट करणारी एक शर्यत इंग्लंड-फ्रान्समध्ये आहे. लंडनच्या मार्बल आर्चपासून डोव्हरपर्यंत सुमारे १४० किलोमीटर धावायचे, मग इंग्लिश खाडी पोहून जायची आणि कॅलेपासून पॅरिसच्या विजयकमानीपर्यंत सायकल चालवायची. मूळचे हिमाचल प्रदेशचे आणि हाँगकाँगमध्ये वकिली करणारे मयंक वैद यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये ही शर्यत ५० तास २४ मिनिटांत पुरी करून तोपर्यंतचा जागतिक विक्रम मोडला.

ही नावे वाचताना आपल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच. यात आपण कुठे? मिलनगराच्या किंवा बुधवार पेठेतल्या मिलिंदनगरच्या गल्लीतला, बाप यंत्रमागावर आणि आई विड्या वळणारी, असा एखादा मुलगा किंवा मुलगी या खाडीत उडी मारू शकेल काय? पैशाचा प्रश्न आहेच, त्याकडे पुढे येऊ. पण पैशाच्याही आधी एक प्रश्न आहे, तो पाण्याचा.

सायकल आपल्याकडे नवी नाही. अक्कलकोट रोडच्या आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत वर्षानुवर्षे कामगार सायकलवरच गेले. धावणेही नवे नाही. पोलीस भरती आणि सैन्य भरतीसाठी पहाटे मैदानावर घाम गाळणारी आपली मुले कमी नाहीत. अडते ते पहिल्याच टप्प्यावर. पोहता येत नाही. ट्रायथलॉनमध्ये पाण्यातून बाहेर आल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही. सोमण हे राष्ट्रीय पातळीचे जलतरणपटू होते, राडकरही लहानपणापासून जलतरणपटू. म्हणजे शर्यतीचे कुलूप पाण्यात आहे आणि किल्ली लहानपणी हातात यावी लागते.

पाणी आणि आपण

आपल्या माणसांना पोहता का येत नाही, याचे उत्तर आळशीपणात नाही. गावाकडे पोहणे शिकत ते विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा आणि थोरल्या भावाने वरून ढकलून द्यायचे, ही आपल्या सोलापूर जिल्ह्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची शाळा. ती शाळा कोणासाठी उघडी होती? ज्यांची विहीर होती त्यांच्यासाठी. आपल्या वाडवडिलांना त्या विहिरीच्या काठावर घागर घेऊन तासन्‌तास उभे राहावे लागे. कोणी दयाळूपणे वरून ओतले तर पाणी मिळे. जिथे प्यायला पाणी शिवू देत नव्हते, तिथे पोरांना उड्या मारू देतील काय?

महाडचे चवदार तळे सर्वांना तोंडपाठ आहे. मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी कागदावरचे पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले. त्यानंतरही कोर्टात दहा वर्षे गेली आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पाणी प्यायचा हक्क मिळवायला एवढे झाले. पाण्यात उतरायचा, त्यात खेळायचा, श्वास रोखून तळ गाठायचा हक्क कोणी मागितलाच नाही, कारण त्याच्या आधीची लढाईच संपत नव्हती. आणि मुलींचे तर विचारूच नका. पाणी आणणे त्यांच्या डोक्यावर आणि पाण्यात उतरणे मात्र कोणाच्याच घरी त्यांच्या वाट्याला नाही.

शहरात आल्यावर जातीची विहीर गेली, पण नळाची रांग आली. सोलापुरात कित्येक वर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येत असे. निळे प्लॅस्टिकचे ड्रम भरून ठेवायचे आणि तांब्या-तांब्याने वापरायचे, अशा घरात वाढलेल्या पोराला पाणी म्हणजे जपून ठेवायची वस्तू वाटते. त्यात हातपाय मारायची कल्पनाच त्याला चैनीची वाटते.

याची किंमत आपण शर्यतीत नव्हे, उन्हाळ्यात मोजतो. सुट्टी लागली की पोरे गुपचूप जुन्या दगडखाणीत, शेततळ्यात, नदीच्या डोहात उतरतात. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरते, पाय घसरला की वर चढायला धरायला काही नसते. एक बुडतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो, आणि दोघेही जातात. अशी बातमी दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येते. म्हणून या लेखातले नॉर्वे बाजूला ठेवले तरी पोहणे शिकण्याची गोष्ट उरतेच.

थंडी शरीराला काय करते

आता मुख्य अडचण, म्हणजे थंड पाणी. पाण्याची थंडी हवेच्या थंडीसारखी नसते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते. १५ अंशांच्या हवेत सदरा घालून आपण आरामात हिंडू. १५ अंशांच्या पाण्यात तसे जमत नाही.

थंड पाण्यात पडल्याबरोबर पहिल्या एक-दोन मिनिटांत माणूस नकळत जोराने श्वास आत ओढतो, मग धापा टाकू लागतो, छातीचे ठोके वाढतात. तो पहिला श्वास ओढताना तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. थंड पाण्यातले पुष्कळ मृत्यू गारठून होत नाहीत, ते या पहिल्या मिनिटात होतात. चांगले पोहणारेही यात जातात. त्यावरचा उपाय म्हणजे घाबरून हातपाय न मारणे, उताणे तरंगणे आणि श्वास ताब्यात येईपर्यंत थांबणे. श्वासावर लक्ष ठेवायला आपल्या विहारात शिकवतात, आनापानसतीला बसणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. मात्र विहारात बसून आलेली शांतता थंड पाण्यात आपोआप टिकते असे कोणी समजू नये. ती पाण्यातच शिकावी लागते.

पहिली मिनिटे गेली की पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत बोटे आखडू लागतात. बोटे मिटत नाहीत, हाताची पकड जाते, पोहण्याचा हात आखूड पडू लागतो. अंगाचे आतले तापमान घसरून भूल चढल्यासारखे व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, बहुधा अर्धा तास किंवा अधिक. अशा वेळी माणूस बरळू लागतो, दिशा चुकतो आणि ‘मी ठीक आहे’ असे सांगत राहतो. काठावरच्या माणसाने त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

आणखी एक फसवी गोष्ट. पाण्याबाहेर आल्यावरही काही मिनिटे अंगाचे आतले तापमान खाली जातच राहते. म्हणून बाहेर येताच कडक पाण्याने आंघोळ घालणे किंवा हातपाय चोळणे चुकीचे. ओले कपडे काढावे, कोरडे करून गरम कपड्यात गुंडाळावे, वाऱ्यापासून आडोसा द्यावा, शुद्धीवर असेल तर गोड कोमट पेय द्यावे. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. दारूने उलट अंगातली ऊब कातडीकडे येऊन निघून जाते.

नॉर्समनसारख्या शर्यतीत सगळे जण रबरी पोशाख घालून पोहतात. हा पोशाख पाणी अडवत नाही. थोडे पाणी आत येते, ते अंगाच्या उबेने कोमट होते आणि तोच थर ऊब धरून ठेवतो. शिवाय तो माणसाला थोडा तरंगवतो. इतके करूनही २०१५ साली पाणी इतके गार झाले की पोहण्याचे अंतर कमी करावे लागले. ट्रायथलॉनच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांमध्ये पाणी १२ अंशांच्या खाली गेले तर पोहणे घेतच नाहीत.

मग उन्हाळी मुलखातल्या माणसाने ही सवय कशी करावी? शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे की थंड पाण्यात दोन-तीन मिनिटे गळ्यापर्यंत बसण्याचा सराव पाच-सहा वेळा केला, तरी तो पहिला श्वासाचा धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो आणि ही सवय काही महिने अंगात राहते. सोलापुरात थंड पाणी नाही, पण बर्फाचा कारखाना आहे आणि पाणी साठवायचा निळा ड्रम घराघरात आहे. ड्रममध्ये पाणी, त्यात बर्फाच्या लाद्या फोडून टाकायच्या, साध्या तापमापकाने १५ अंश मोजायचे, आणि घड्याळ लावून दोन मिनिटे. हे एकट्याने कधीही करायचे नाही. जवळ दोन धडधाकट माणसे हवीत. रक्तदाब, हृदयविकार, फिट्स येणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये आणि लहान मुलांवर हा प्रयोग मुळीच करू नये.

परदेशी जाण्याचा खर्च आणि माणसे

नॉर्समनला प्रवेश सोडतीने मिळतो. जागा थोड्या आणि अर्ज फार. नंबर लागलाच तर पासपोर्ट, युरोपचा व्हिसा, त्या व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा आजारपणाचा विमा, विमानाचे तिकीट, सायकल खोलून ज्यात भरायची तो पेटारा. शर्यतीची सायकल, रबरी पोशाख. सारा हिशेब लाखांत जातो. आणि एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. या शर्यतीत वाटेवर केळी-पाण्याची टेबले मांडलेली नसतात. प्रत्येक स्पर्धकाने आपला मदतनीस मोटारीसह स्वतःच आणायचा. त्यानेच खाणेपिणे पुरवायचे, कोरडे कपडे द्यायचे, आणि शेवटच्या डोंगरावर तर मदतनिसाने स्पर्धकाच्या बरोबर चालायचे. एकट्याला वर सोडतच नाहीत. म्हणजे खर्च दोघांचा.

शिवाय जो खर्च पावतीवर येत नाही तो वेगळाच. आठवड्याला बारा-पंधरा तास सराव, तोही वर्षभर. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस तो वेळ कुठून काढणार? हजेरी बुडाली की चूल अडते. विड्या वळणाऱ्या बाईचा तर हजारामागे हिशेब असतो. तिने दोन तास पोहायला जायचे तर तेवढ्या विड्या कोण वळणार?

परदेशी जाणे आपल्या समाजाला कधीच स्वस्तात पडलेले नाही. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. १९२० साली लंडनचे शिक्षण पुरे करायला परत निघाले तेव्हा स्वतःच्या प्राध्यापकीच्या पगारातली बचत, राजर्षी शाहू महाराजांचे दीड हजार रुपये आणि नवल भथेना या पारशी मित्राचे उसने पैसे, असे जमवून गेले. आणि इकडे परळच्या चाळीत माता रमाईंनी घर चालवले. कोणी दूर जायचे ठरवले की घरात कोणीतरी मागे राहून ओझे उचलते. ते नाव छापून येत नाही.

जिथे हे जमले

हे सगळे वाचून ‘आपले काम नव्हे’ असे म्हणून पान उलटणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे देतो. दोन्ही थंड पाण्याची नाहीत, बर्फाची आहेत. पण दोन्ही आपल्यासारख्याच तापलेल्या मुलखातली आणि आपल्यासारख्याच घरांतली आहेत.

पहिले शेजारच्या तेलंगणातले. २५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा ही चौदाही पूर्ण न झालेली आदिवासी शेतमजुराची मुलगी आणि आनंद कुमार हा दलित कुटुंबातला मुलगा एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. दोघेही सरकारच्या समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. या शाळांची धुरा तेव्हा आर. एस. प्रवीणकुमार या पोलीस अधिकाऱ्याकडे होती. मुलांना आधी भोनगीरच्या खडकावर चढायला शिकवले, मग दार्जिलिंगला गिर्यारोहणाच्या शिक्षणाला पाठवले, आणि मग थंडीची सवय व्हावी म्हणून लडाखला. पुढे शिखरावर जाताना त्यांनी बाबासाहेबांचा फोटो बरोबर नेला होता.

दुसरे आपल्याच महाराष्ट्रातले. चंद्रपूर जिल्हा म्हणजे उन्हाळ्यात ४६-४७ अंश, सोलापूरही तिथे गार वाटावे. तिथल्या आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलामुलींना निवडून, शिकवून, आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाने ‘मिशन शौर्य’ या नावाने एव्हरेस्टला पाठवले. मे २०१८ मध्ये त्यांतले पाच जण शिखरावर पोचले.

या दोन्ही ठिकाणी कोणी एकटा लखपती पुढे आला नव्हता. सरकारी खाते होते, ठरावीक पैसा होता, एक जिद्दी अधिकारी होता आणि शिकवणारे होते. मुलांची निवड करून पायरी-पायरीने नेले होते. समाजकल्याणची वसतिगृहे आणि निवासी शाळा सोलापूर जिल्ह्यातही आहेत. तिथल्या मुलांना उन्हाळ्यात पोहायला शिकवण्याची मागणी लेखी केली तर ती फेटाळायला साहेबांना कारण शोधावे लागेल. ही मागणी करायला आपल्या संघटना का गेल्या नाहीत? भीमजयंतीला सोलापुरात मिरवणूक कशी निघते ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मंडळांची वर्गणी लाखांत जाते आणि त्यातला मोठा हिस्सा ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर. एका रात्रीच्या आवाजाच्या पैशात वस्तीतल्या पन्नास पोरांची पोहण्याच्या तलावाची महिनाभराची फी सहज निघेल. हे लिहिल्याबद्दल काही तरुण मित्र रागावतील. रागवावे, पण हिशेब करून रागवावे.

सुरुवात कुठून करावी

नॉर्वेला एकदम कोणी जात नाही. आपल्या जवळची पायरी गोव्यात आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन शर्यत पहिल्यांदा झाली आणि त्यानंतरही होत आली आहे. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१ किलोमीटर धावणे. पाणी कोमट, पासपोर्टची गरज नाही. पोहण्याला सव्वा तासाच्या आतली मर्यादा असते. ती चुकली की सायकलला हात लावू देत नाहीत.

त्याआधीची पायरी महापालिकेच्या तलावाची. शिकताना क्रम असा ठेवावा : आधी तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायला शिकणे, मग उताणे तरंगणे, मग पालथे तरंगणे, आणि हात मारणे सर्वांत शेवटी. बहुतेक ठिकाणी पोरांना पहिल्या दिवशीच हात मारायला लावतात आणि त्यांना दम लागून भीती बसते. तरंगता आले की भीती अर्धी जाते. मोठ्या वयातही शिकता येते. चाळिशीतला माणूस उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत २५ मीटर ओलांडू शकतो, लाज तेवढी बाजूला ठेवावी. मुलींसाठी स्त्री-प्रशिक्षक आणि वेगळी वेळ असावी, अशी मागणी आयांनी मिळून करावी. एकटीने विचारले तर ‘बघू’ म्हणतात, दहा जणी गेल्या तर वेळ ठरवून देतात. पोशाखावरून घरात कुरकुर होईल. आता पूर्ण अंगाचे पोशाख मिळतात, त्यामुळे ते निमित्तही चालायचे नाही.

तलावात शंभर फेऱ्या मारणारा मुलगा हिप्परग्याच्या तलावात किंवा उजनीच्या पाण्यातही तसाच पोहेल, असे मात्र समजू नये. तिथे तळ दिसत नाही, धरायला कठडा नसतो, चिखलात पाय रुततो, वाऱ्याने लाटा उठतात. जाणत्या माणसाशिवाय, काठावर दोरी आणि फुगवलेली ट्यूब घेतलेला कोणी उभा असल्याशिवाय, आणि परवानगी आहे की नाही हे विचारल्याशिवाय, अशा पाण्यात उतरू नये.

गोव्याच्या शर्यतीत तिघांच्या संघालाही जागा दिली जाते. एकाने पोहायचे, दुसऱ्याने सायकल चालवायची, तिसऱ्याने धावायचे. भरतीचा सराव करणारा धावपटू वस्तीत मिळेल. एमआयडीसीत सायकलवर जाणारा मिळेल. पोहणारा किंवा पोहणारी तेवढी तयार करायला हवी, आणि त्यासाठी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीचे अर्ज तलावावर कधी मिळतात, हे कोणीतरी जाऊन विचारून यायला हवे.